कोपराची खूण

भारनियमनाच्या वेळात एक मेणबत्ती पुरेल, एवढीच ही गोष्ट आहे. बिबवेवाडीची शर्मिला सायकल चालवायला लागली ती काही हौसेने नाही. हिंजवडीच्या कंपनीत दिवसभर खुर्चीला चिकटून बसून तिची साखर वाढली होती. तिची आई याच दुखण्याने गेली, शर्मिला शाळेत असतानाच. डॉक्टर अस्सल पुणेरी. रिपोर्ट बाजूला सारत ते म्हणाले, "मुलगी लहान आहे ना आपली? मग तिला आई हवी असेल, असं मी धरून चालतो." त्याच आठवड्यात शर्मिलाने सायकल घेतली. तिची रुपाली तेव्हा पहिलीत होती.

सुरुवातीला जया बरोबर असायची. जया तिच्याच टीममधली, राहायला जवळच. पहाटे सातारा रस्त्याने कात्रज गाठायचं, जुन्या घाटाने बोगद्यापर्यंत चढायचं आणि रुपाली उठायच्या आत घरी यायचं, असा दोघींचा क्रम होता. एकामागे एक सायकल चालवणाऱ्यांचे काही रिवाज असतात. पुढचीने वारा अंगावर घ्यायचा, मागचीने तिच्या चाकाला चिकटून आडोशाने यायचं. मागचीला रस्ता दिसत नाही, म्हणून खड्डा आला की पुढचीने हात खाली करून दाखवायचा आणि ओरडून सांगायचं. मागचीने "बघितला" म्हणायचं. पुढची दमली की तिने उजवं कोपर बाहेर झटकायचं. म्हणजे माझं झालं, आता तू पुढे हो. मग मागचीने मुकाट्याने पुढे यायचं.

पुढे जया ऑनसाइटला अमेरिकेला गेली आणि शर्मिलाचं सगळंच बिनसलं. गजर वाजायचा, तो बंद करून ती कूस बदलायची. एकटीने घाट चढायचा म्हणजे प्रत्येक वळणावर स्वतःशीच भांडण. साखर पुन्हा वर सरकली. एकदा रुपालीच्या अंगावर पांघरूण घालताना आपल्या आईचा चेहराच तिला नीट आठवेना, आणि ती फार घाबरली. उद्या हिलाही माझा आठवणार नाही, असं तिच्या मनात आलं. फोनवर तिने जयाला हे रडगाणं ऐकवलं.

जया हसली. "अगं, मागे कुणीतरी आहे असं समज आणि खड्डे दाखवत जा. मागचीला सोडून घरी परतता येत नाही."

युक्ती लागू पडली. सातारा रस्ता तेव्हा जागोजागी खणून ठेवलेला, त्यामुळे खड्ड्यांना तोटा नव्हता. शर्मिला हात खाली करी, ओरडे, आणि आपल्यावर कुणाचा तरी भार आहे असं वाटून पाय आपोआप फिरत. साखर उतरली. डॉक्टरांनी चक्क शाबासकी दिली.

पावसाळा सरून घाटातलं गवत पिवळं पडू लागलं, तेव्हाची गोष्ट. उतारावर पाय थांबवले की मागचं चाक टकटक वाजतं. एका पहाटे परतीच्या उतारावर तिचं चाक असंच वाजत होतं. सपाटी आली, तिने पाय मारायला सुरुवात केली आणि आपली टकटक थांबवली. मागची टकटक चालूच राहिली.

तिने वळून पाहिलं. रस्ता मोकळा होता. कातळावरून आवाज परततो, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि पुढचा खड्डा आला तेव्हा सवयीने ओरडली.

"बघितला..." मागून कुणीतरी हलकेच म्हणालं.

दुसरी एखादी बाई सायकल विकून मोकळी झाली असती. शर्मिला नाही झाली. तिला भीती वाटली, पण त्या दिवशी ती कधी नव्हे इतक्या वेगाने घरी पोचली. मग तिने जणू तडजोडच केली. वळून बघायचं नाही, बोलायचं नाही, फक्त खड्डे दाखवायचे. रोज उत्तर यायचं. कधीकधी ओल्या मातीचा आणि जुन्या रबराचा वास मानेपाशी यायचा. मुलीसाठी ती तेही सोसत होती.

थंडीत एकदा तिला बारीक ताप होता. तरी ती निघाली. घाटात बोगद्याकडून समोरचा वारा असा येत होता की सायकल जागची हलेना. छाती भरून आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि जयाबरोबर लागलेल्या जुन्या सवयीने तिचं उजवं कोपर बाहेर झटकलं गेलं.

झटकल्यावर तिला कळलं. तोपर्यंत उजव्या बाजूने काहीतरी सरसरत पुढे गेलं होतं.

समोर कुणी नव्हतं. पण वारा थांबला. दोन्ही बाजूंचं गवत आडवं होत होतं, आणि शर्मिलाच्या अंगावर मात्र झुळूकही नव्हती. पाय हलके झाले. इतकं सुख तिला कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं. मान खाली घालून, समोरच्या रिकाम्या जागेवर डोळे लावून ती त्या आडोशाने चढत राहिली. मागचीने रस्ता बघायचा नसतो...

खटकन साखळी निसटली आणि ती कोसळली. मान वर केली तर रस्ता केव्हाच डावीकडे वळला होता. ती सरळ आली होती. कठड्याचे दगड तिथे निखळलेले होते आणि पुढचं चाक दरीवर अधांतरी फिरत होतं. खालच्या धुक्यातून आवाज आला, "ये ना... खड्डा नाही."

सायकल तिने तिथेच सोडली. एका टेम्पोवाल्याने तिला घरी आणलं. डॉक्टर पुन्हा टोचून बोलू लागले, साखर पुन्हा चढली. जया फोनवर विचारत राहिली, तिला तिने काहीच सांगितलं नाही. सायकलऐवजी जिने चढते, एवढंच म्हणून तिने वेळ मारून नेली.

वाढदिवसाला रुपालीला तिच्या मामाने छोटी सायकल आणली. शर्मिला नको म्हणाली, पण कारण काय सांगणार? संध्याकाळी गॅलरीत उभं राहून ती बघत होती. सोसायटीच्या आवारात रुपाली गोल गोल फिरत होती, मोकळे केस वाऱ्यावर उडत होते. आईला सायकलवर तिने कधी पाहिलंही नव्हतं. शर्मिला निघायची तेव्हा ती झोपलेली असायची.

फरशी उखडलेली होती तिथे रुपालीने डावा हात खाली केला. "खड्डा," ती मागे सांगून गेली, आणि ऐकून घेतल्यासारखी मान हलवली.

शर्मिला गॅलरीतून मागे फिरली. ती जिन्याकडे धावली. वळणावरच्या खिडकीतून तिला खालचं दिसलं. रुपाली दमली होती. तिने उजवं कोपर बाहेर झटकलं आणि सायकल गेटकडे वळवली. गेट उघडं होतं. आवारातला पालापाचोळा वाऱ्याने उडत होता, पोरगी जोरात पाय मारत होती, आणि तिचे केस मात्र पाठीवर अगदी निश्चल पडले होते.