मासळीवालीची सही

फान लीमपुट संग्रहालयात खासगी गुप्तहेर हिल्दे स्टाल्मान्स पोहोचली, तेव्हा अर्धं अँटवर्प दाराशी ताटकळत होतं. मासळीवालीचं हे चित्र वर्षानुवर्षं तळघरात धूळ खात पडलेलं. कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मग कोपऱ्यात सतराव्या शतकातला चित्रकार यान हाल्देविन याची सही सापडली आणि ते एकाएकी सुंदर झालं.

आज सकाळी ती सही कुणीतरी पुसून टाकली होती.

"सहीच गेली, मग राहिलं काय?" संचालक फान हूफ हताशपणे म्हणाले.

"चित्र राहिलंय की," हिल्देचा सहकारी, निवृत्त पोलीस योरिस म्हणाला. फान हूफनी त्याच्याकडे झुरळाकडे पाहावं तसं पाहिलं.

हिल्दे कोपऱ्यावर वाकली. सहीच्या जागी पिवळसर पट्टा उरला होता. पुसल्याचा फराटा शेजारी रंगवलेल्या शिंपल्यांतल्या कालवांवरूनही गेला होता, ती मात्र जशीच्या तशी होती.

"किल्ल्या कुणाकडे?"

"माझ्याकडे, सही शोधणारे आमचे कला-अभ्यासक डॉक्टर दे ब्राकलेर यांच्याकडे आणि त्या टिनेकडे. तिच्याच चित्रं साफ करायच्या औषधाची बाटली इथे पडली होती. उद्या ब्रसेल्सचे तज्ज्ञ सहीचा रंग तपासायला यायचे होते. मीच बोलावलं होतं त्यांना."

"ही सोनेरी चौकट जुनी आहे?"

"छे. तळघरात नुसतं कापड होतं. मासळीबाजारावर एक किरकोळ प्रदर्शन भरवलं, तेव्हा मी ती करवून घेतली. सही त्यानंतर जाहीर झाली."

टिने चित्रांची दुरुस्ती करायची. सहीचा बोलबाला झाल्यावर तिला नेमलं होतं.

"त्या औषधाने मी काजळी काढते," ती चिडून म्हणाली. "इतका जुना तैलरंग दगड झालेला असतो. त्याला याने ओरखडाही जात नाही."

"मग सही कशी गेली?" योरिसने विचारलं.

"ते मला विचारू नका. ज्यांनी शोधली त्यांना विचारा."

दे ब्राकलेर रेशमी रुमाल गळ्याला बांधून बसले होते.

"अडाणी लोकांचा मत्सर, दुसरं काय," ते म्हणाले. "तुम्हाला हाल्देविन ठाऊक असण्याची अपेक्षा नाही."

"नाहीच ठाऊक. तुम्हाला सही कुठे दिसली?"

"तळघरात. विजेरीच्या उजेडात. तिथल्या तिथे फोटो काढला आणि पुढे कित्येक महिने अभ्यास केला, मगच तोंड उघडलं." त्यांनी फोटो पुढे सरकवला. काळीभोर सही, आणि कडेला सोनेरी चौकटीची नक्षी.

हिल्देने फोटो योरिसकडे दिला आणि सगळ्यांना चित्रासमोर बोलावलं.

"जुना रंग या औषधाने जात नाही," ती म्हणाली. "कालवं शाबूत आहेत, सही गेली. म्हणजे सही नवी होती. टिनेबाई आल्या त्याआधीच ती गाजत होती. फान हूफसाहेबांनी स्वतः तज्ज्ञ बोलावले. सही त्यांनी केली असती तर ते या भानगडीत पडले नसते. उरले डॉक्टर. त्यांच्या तळघरातल्या फोटोत सोनेरी चौकट आहे. तळघरात चौकटच नव्हती. चित्र वर आल्यावर यांनी सही रंगवली, फोटो काढला, आणि तपासणी येतेय म्हटल्यावर पुसली. वर बाटली ठेवून आळ टिनेबाईंवर."

"मी हाल्देविनवर आयुष्य घालवलंय," दे ब्राकलेर पुटपुटले. "हे त्याचंच आहे. सही नसती तर कुणी बघितलं असतं का?"

फान हूफनी घसा साफ केला.

"बाई, हे आपल्यातच राहू द्या. एका माथेफिरूने हाल्देविनची खरी सही नष्ट केली, असं मी जाहीर करतो. रांग दुप्पट होईल. टिने काय, दुसरीकडे काम शोधेल."

हिल्देने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"डॉक्टरांनी निदान घाबरून लबाडी केली," ती म्हणाली. "तुम्ही तर अगदी शांतपणे करताय."

दाराबाहेर वार्ताहर उभे होते. तिने योरिसकडून तो फोटो घेतला, टिनेला सोबत घेतलं आणि दार उघडलं.