बारक्याच्या जागी

मुलांनो, तो स्पीकर आधी बंद करा. नुसता आवाज बारीक करू नका, वायरच काढा. हां. फोनही इकडे द्या, राहू देत माझ्या उशाशी. आता ऐका. हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही, म्हणून मला शांतपणे सांगता येतं. हे घडलं आमच्या लेबल्याच्या बाबतीत.

लेबल्या माझा शाळेपासूनचा दोस्त. मिठाच्या बरणीवर 'मीठ' लिहून थांबला असता तर गोष्ट वेगळी होती, पण पठ्ठ्याने मागच्या दारावर 'मागचं दार' अशी चिठ्ठी लावली होती. त्याची बायको म्हणायची, "आता माझ्या कपाळावर तेवढी चिकटवायची राहिलीय." पण हेच वेड पुढे त्याचं पोट भरायला लागलं. लोकांकडे हजारोंनी गाणी साठलेली असतात, फोनवर, कॉम्प्युटरवर, गाडीत. प्रत्येक गाण्याच्या फाइलला आतून चिठ्ठ्या असतात, त्यांना टॅग म्हणतात. गाणं कोणतं, गायलं कोणी, वाजवलं कोणी. या चिठ्ठ्यांचा सगळीकडे सावळा गोंधळ. फोनवर एक नाव, गाडीत भलतंच. लेबल्या घरी जाऊन तो गोंधळ निस्तरायचा. त्याचा एकच नियम होता, थोडं तरी ऐकल्याशिवाय चिठ्ठी बदलायची नाही. नियम मोडला तो त्या एकाच रात्री.

नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार. रात्री पावणेअकराला एका गायकाचा फोन आला. नाव मोठं, गाणी घरोघरी वाजणारी. "आत्ताच ये," म्हणाला. लेबल्याने लॅपटॉप काखोटीला मारला, आपला जुना खिशातला प्लेअर सोबत घेतला आणि निघाला.

कोपऱ्यावरचं दुमजली घर. बायको मुलीला घेऊन कधीच निघून गेलेली, त्यामुळे घरात गायक एकटाच. त्याने लेबल्याला तळघरात नेलं. तिथे त्याची तालमीची खोली होती, भिंतींना स्पंज लावलेला, म्हणजे आतला आवाज बाहेर जायला नको. एका कोपऱ्यात पांढऱ्या चादरीखाली ड्रमचा संच.

"बारक्याचा?" लेबल्याने विचारलं.

गायकाने मान डोलावली. बारक्या म्हणजे त्याचा ड्रमर. अंगाने काडी, पण वाजवायला बसला की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. गायकाला 'दादा' म्हणायचा, सोळा वर्षांचा असल्यापासून त्याच्या मागे सावलीसारखा. वर्षापूर्वी याच तळघराच्या जिन्यावरून पडून गेला, असं सगळ्यांनी ऐकलं होतं.

"त्याचं नाव काढायचंय," गायक म्हणाला. "मी फोनवरून पुसतो, सकाळी परत येतं. गाडी सुरू केली की काचेखालच्या पडद्यावर त्याचं नाव. चहा करायला जावं तर स्वयंपाकघरातला स्पीकर बोलतो, ड्रमवर बारक्या. मला झोप नाही रे."

"एका ठिकाणी पुसून उपयोग नाही," लेबल्या म्हणाला. "प्रत्येक यंत्राकडे आपली आपली प्रत असते. मोठ्या कॉम्प्युटरवर बदलून सगळ्यांना तेच खरं मानायला लावावं लागतं. पण दादा, माणूस गेला. नाव तरी राहू द्या की. वाजवलंय त्याने."

"कामाला बोलावलंय, प्रवचनाला नाही. जिथे जिथे बारक्या आहे, तिथे तिथे मला घाल. एकही जागा सोडायची नाही."

लेबल्याला राग आला. बारक्याचं वाजवणं त्याला मनापासून आवडायचं. हात भरभर चालवावा आणि या माणसाच्या घरातून सुटावं, एवढंच त्याच्या मनात होतं. लॅपटॉप मोठ्या कॉम्प्युटरला जोडून त्याने सगळी गाणी एकदम निवडली. आपला प्लेअरही जोडला, तपासणीसाठी तो नेहमीच जोडायचा. बारक्याचं नाव लिहिलं, त्याच्या जागी गायकाचं लिहिलं आणि बटण दाबलं.

टेबलावरच्या फोनने टिंग केलं. जिन्याचं दार उघडंच होतं, वर स्वयंपाकघरात स्पीकर जागा झालेला ऐकू आला. छताजवळच्या झरोक्यातून बाहेर उभ्या गाडीचा दिवा लागून विझताना दिसला. एकेका यंत्राने नवीन नाव मान्य केलं. गायकाने सुस्कारा सोडला आणि ग्लास भरायला वळला.

तेव्हा लेबल्याला यादीच्या तळाशी ती फाइल दिसली. गाण्याचं नाव नाही, गायकाचं नाव नाही. आत एकच चिठ्ठी होती, वाजवणाऱ्याची, आणि तिच्यावरही आता गायकाचं नाव चढलं होतं. बारक्या ड्रमजवळ रेकॉर्डर ठेवायचा, तालमीला बसला की सुरू करायचा, आणि त्यातलं सगळं आपोआप या साठ्यात येऊन पडायचं. तारीख पाहिली. बारक्या गेला ती रात्र.

ऐकायला हवं होतं आधी, असं त्याला वाटलं. त्याने फाइल सुरू केली.

बारक्याचे हात. काय हात होते... दोन मिनिटं नुसता पाऊस पडावा तसा ताल. मग दार उघडलं. गायकाचा आवाज आला, "लोक तुझ्यासाठी येतात म्हणे आता. माझ्या नावाशेजारी तुझं नाव हवंय तुला?" काहीतरी लोखंडी ओढल्याचा आवाज. झांजांचा स्टँड असावा.

"बंद कर," गायक मागून म्हणाला. ग्लास हातातच होता.

पहिला तडाखा बसला. रेकॉर्डिंगमध्ये कोणीतरी कळवळून ओरडलं, "नको..."

तो आवाज बारक्याचा नव्हता. गायकाचा होता. मारणाराही तोच आणि मार खाणाराही तोच.

आणि लेबल्याच्या मागे ग्लास फुटला. गायक खाली बसला होता. त्याचा गुडघा उलट्या बाजूला वळला होता. खोलीत तिसरं कोणी नव्हतं.

लेबल्याने फाइल थांबवली. लॅपटॉप गप्प झाला... पण फोनवर ती चालू होती. फोन भिंतीवर फेकला, तर वरून स्वयंपाकघरातून आवाज यायला लागला. मग बाहेरून, गाडीतून. प्रत्येकाकडे आपली आपली प्रत होती ना.

दुसरा तडाखा. गायकाने तोंडावर हात धरला, बोटांमधून रक्त आणि दात खाली पडले. तिसरा खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज दोनदा आला, एकदा वरच्या स्पीकरमधून आणि एकदा इथे, फरशीवर.

"नाव... बदल..." गायक सरपटत आला. "त्याचं घाल परत..."

लेबल्याने बोटं टेकवली. ब, आ... आणि थांबला. चादरीखालून श्वास ऐकू येत होता. बारीक, दबलेला. दाराआड लपलेलं पोर घेतं ना, तसा.

परत घातलं नाव, तर बारक्या परत मार खाणार.

त्याच्याच्याने होईना. मुलांनो, मला तो ढसाढसा रडत सांगत होता, "समोर माणूस मरत होता आणि माझा हात पुढे जाईना."

"मग तुझं..." गायक म्हणाला. त्याने लेबल्याची गचांडी धरली, टेबलाचा आधार घेत उठला. एक डोळा बंद झाला होता. उरलेल्या धड हाताने तो एकेक अक्षर दाबू लागला. लेबल्या त्याला ढकलत होता, पण मरणाऱ्याची पकड... सुटेना. पडद्यावर आपलं नाव उमटताना लेबल्याने पाहिलं. पूर्ण नाव. फक्त शेवटचं बटण राहिलं होतं.

ते दाबायला गायकाने बोट उचललं.

स्टँड दिसला नाही. पण तो हात टेबलावर चिरडला गेला. मनगटापासून. मग डोक्यावर. एकदा... पुन्हा... पुन्हा...

वरचा स्पीकर थांबला.

गाडीतला आवाज थांबला.

चादर हलली नाही. पण तिच्याखाली, अगदी हलक्या हाताने, कोणीतरी एक ताल वाजवला. आणि...

हं.

पोलीस आले, डॉक्टर आले. जिना पाहिला, रक्त पाहिलं. कागदावर लिहिलं, जिन्यावरून पडून मृत्यू. बारक्याच्या कागदावर होतं तेच. लेबल्याने पोलिसांना फाइल दाखवायची म्हणून कॉम्प्युटर उघडला, तर ती नव्हती. फोनवर, स्पीकरमध्ये, गाडीत, कुठेच नाही. मात्र बाकीच्या प्रत्येक गाण्यावर वाजवणाऱ्याचं नाव बारक्या असं परत आलं होतं.

लेबल्याने धंदा सोडला. बरण्यांवरच्या चिठ्ठ्यासुद्धा काढल्या. बायको आता चहात मीठ घालते, तो निमूट पितो.

पण त्याचा तो खिशातला प्लेअर आठवतो ना? त्या रात्री जोडलेला? त्यानंतर तो कशालाच जोडलेला नाही, कपाटात पडून आहे. ती फाइल त्यात राहिली. वाजवणाऱ्याच्या जागी अजून गायकाचं नाव आहे.

काय गं? नाव पुसून का टाकत नाही? मीही हेच विचारलं होतं. तर म्हणाला, जागा रिकामी ठेवली की यंत्र आपणहून तिथे 'अज्ञात' लिहितं. अज्ञात म्हणजे कोण, ते मला ठरवायचं नाही. मुलांनो, तुम्ही कोणी ठरवाल?

म्हणून तो हात लावत नाही. फक्त अधूनमधून कपाट उघडून बघतो. त्या रात्री ती फाइल अकरा मिनिटांची होती. पुढच्या वेळी बघितली तेव्हा अर्ध्या तासाची झाली होती.

काल त्याचा फोन आला होता. आता चार तासांची झालीय, आणि अजून वाढतेय.