सी-सात

दोन हजार चारच्या जुलैमध्ये शहबाज सरांनी मला आमच्या फर्मचं माहितीपत्रक लिहायला सांगितलं. मथळे त्यांनीच दिले: 'आमची वाटचाल' आणि 'आमची मूल्ये'. पहिला भाग मी अर्ध्या तासात लिहिला. दुसऱ्या मथळ्याखाली कागद तसाच कोरा राहिला.

वाटचाल खरंच सांगण्यासारखी होती. सरांचे वडील हाफिज मिस्त्री हे मूल गावचे गवंडी. तिथल्या कितीतरी राइस मिलच्या भिंती त्यांच्या हातच्या. मुलाला नागपूरला शिकवून आर्किटेक्ट केलं आणि चंद्रपुरात त्याच्यासाठी दोन खोल्यांचं ऑफिस टाकलं. त्र्याण्णवमध्ये मी तिथे ड्राफ्टिंगला लागले, तेव्हा पहिल्या दिवशी मिस्त्रींनी माझ्या हातात पेन्सिल दिलीच नाही. साइटवर नेलं, डोक्यावर गिट्टीचं घमेलं ठेवलं आणि शिडी चढायला लावली. दहा खेपा.

"रिना, नकाशात तू एक रेघ ओढशीन," ते म्हणाले, "पन ते कोनाच्या तरी मानेवर चढते. तुही मान दुखली पायजे."

नव्या इंजिनियरलाही यातून सुटका नव्हती. अठ्ठ्याण्णवमध्ये मिस्त्री वारले. त्याच महिन्यात सरांनी घमेल्याची पद्धत बंद केली. पोरं पळून जातात म्हणे.

दोन हजार चारच्या जानेवारीत गडचिरोलीला बसस्टँडजवळ आमच्या एका दुमजली व्यापारी संकुलाचं बांधकाम चाललं होतं. तळमजला भैयाजी नावाच्या साडीवाल्यानं घेतला. त्याला दालनाच्या मधोमध येणारा खांब खुपत होता. नकाशात त्याचं नाव सी-सात. नऊ इंच बाय अठरा इंच.

मी म्हटलं, "सर, हा काढला तर वरचा बीम जाड करावा लागेल. सगळं गणित पुन्हा."

"स्लॅब पुढच्या हप्त्यात आहे. खोडून टाक. बीम राहू दे तसाच."

"मिस्त्रीबाबा असते तर..."

"ते गवंडी होते, रिना. आर्किटेक्ट मी आहो."

मी ब्लेड घेतलं आणि नकाशाच्या ट्रेसिंग कागदावरून सी-सात खरवडला. माझ्या हातानं. हे मी कुणापासून लपवलेलं नाही.

फेब्रुवारीत, पूर्ण मुदतीनंतर खालचं सेंट्रिंग, म्हणजे टेकूच्या बल्ल्या आणि फळ्या, काढताना भर दुपारी स्लॅब मधोमध खचला. खाली सोमारी बल्ल्या गोळा करत होती. धानोऱ्याकडची, माझ्याच वयाची. ती जागीच गेली. आमच्या फर्मनं अहवाल दिला: सेंट्रिंग मुदतीआधी काढलं, चूक सेंट्रिंगवाल्या पोचूची. पोचू तिचा नवरा. बायको गेली ती गेली, तिला मारल्याचा ठपकाही त्याच्याच माथी. पोलिसांनी त्याच्यावर गुन्हा नोंदवला. मी तोंड शिवून बसले.

लोखंडी गर्डर टाकून स्लॅब पुन्हा झाला. दुकान थाटात सुरू झालं. माहितीपत्रकासाठी फोटो काढायला मीच गेले.

पाऊस होता. गिऱ्हाईकांच्या चिखलाच्या पायांनी पांढऱ्या टाइल्स भरून गेल्या होत्या. मधोमध मात्र एक तुकडा कोरडा, लख्ख. टाइल्सच्या जोडांशी त्याचा काही मेळ नव्हता. मी टेप काढला. नऊ बाय अठरा.

"तिथी कोनी पाय देत नाई बाई," फरशी पुसणारी गिरजाबाई म्हणाली. "पुसाचं कामच पडत नाई."

"काऊन?"

"मले काय मालूम. पाय जातच नाई."

मी तासभर उभी राहिले. दोन बायका पदराचे काठ बघत, बोलत नेमक्या तिथे आल्या, वळसा घालून पुढे गेल्या, बोलणं तुटलं नाही. गठ्ठा घेऊन येणारा नोकर वळला. मी त्याला थांबवलं.

"भाऊ, तुम्ही वळून काऊन गेले?"

"कुठी वळलो? सरळच तर आलो."

जवळ गेल्यावर गारवा लागला. ओल्या सिमेंटचा वास आला. मी त्या जागेत हात सरळ पुढे केला.

"तुमचाबी वळला," गिरजाबाई हळूच म्हणाली.

मला तो सरळच गेल्यासारखा वाटला होता.

भीती वाटायला हवी होती. मला संताप आला. सरांचा, भैयाजीचा आणि सगळ्यात जास्त माझा. पाच महिने मी गप्प होते. जे मी खोडलं ते मात्र तिथेच उभं होतं.

चंद्रपूरला येऊन मी कपाटातून नकाशाचा खोडण्याआधीचा जुना अमोनिया प्रिंट काढला. त्यात सी-सात होता, खाली सरांची सही आणि तारीख. दुसऱ्या दिवशी पोचूचं गाव गाठलं. त्यानं प्रिंट मांडीवर पसरला. मी खांबावर बोट ठेवलं.

"हा होता?"

"होता. सरांनी काढायला लावला. मी खोडला."

त्यानं त्या काळ्या चौकोनाच्या कडेनं बोट फिरवलं.

"मंग मी नाई मारलो तिले," तो म्हणाला.

आम्ही दोघं पोलीस ठाण्यात गेलो. मी जबाब दिला, त्यात माझंही नाव घातलं. पोचूवरचा गुन्हा नंतर मागे घेण्यात आला.

सोमवारी मी राजीनामा लिहून ऑफिसात गेले. सर आपल्या टेबलाशी बसले होते. चपराशी रामाजी चहा घेऊन आला. सगळ्यांना दिला. सरांच्या टेबलाला वळसा घातला आणि निघून गेला.

"रामाजी! मेरी चाय?"

रामाजीनं मान वळवली नाही.

नवा इंजिनियर नकाशांची गुंडाळी घेऊन आला. टेबलापाशी येऊन वळला आणि त्यानं मला विचारलं, "मॅडम, सर आज आले नाई का?"

सरांची कॉलर घामानं भिजली होती.

"रिना, तू तर पाहून राह्यली ना मले?"

"हो," मी म्हटलं.

मला दया आली नाही. मी सरळ चालत गेले, राजीनामा त्यांच्यासमोर ठेवला आणि बाहेर पडले.

खाली रस्त्यावर आल्यावर पाहिलं. कागद माझ्याच हातात होता.