पाण्यातली पकड

मिल बंद पडल्यापासून हे घरातच असायचे. हे म्हणजे माझे मिस्टर, नरेंद्र. इंदूरमध्ये राजेंद्र नगरच्या आमच्या दोन खोल्यांत दिवसभर पंख्याकडे बघत पडून राहायचे. शेवटी एका रविवारी माझे धाकटे दीर, पंचशील भाऊजी, महूहून जीप घेऊन आले.

"वहिनी, डबा भरा. आमच्या भियाला जरा बाहेर काढू. मनावर गावाच्या पुढे चुनखडीची गुफा आहे, आतून नदी वाहते म्हणे. आता तिकीट लावून दाखवतात."

पोचलो तेव्हा ऊन रणरणत होतं. आत पाय टाकला आणि अंगावर काटा आला, इतका गारवा. ओल्या चुन्याचा वास. ठेकेदाराने तारेवर बल्ब टांगले होते. छतातून लोंबणाऱ्या दगडांच्या टोकांवरून थेंब गळत होते. गाइड श्रीकृष्ण तिथल्याच गावचा. सैल दगड बाजूला सारायला हातात पहार घेऊन तो पुढे चालला होता.

"यार, काय थंडक आहे!" हे म्हणाले, आणि चक्क हसले. किती महिन्यांनी!

उतरत उतरत नदीपाशी आलो. काळं पाणी एका कपारीतून निघून दुसऱ्या कपारीत शिरत होतं. आवाज नाही.

"बस, यहीं तक," श्रीकृष्ण म्हणाला. "पानी में हाथ मत डालना, बाबूजी."

"का? काय होतं?"

"बस... मत डालना."

पण हे वाकले होते. तोंडावर पाणी मारायचं होतं, बाकी काही नाही. हात कोपरापर्यंत आत गेला आणि तिथेच थांबला.

"कौसल्या... कोणीतरी धरलंय..."

भाऊजी हसले. तेवढ्यात ह्यांचा खांदा पाण्यात गेला, गाल खडकावर आपटून फुटला. भाऊजींनी कमरेचा पट्टा पकडला, मी पाय. माझ्या तोंडून शब्द फुटेना. बल्बच्या उजेडात मला दिसलं... ह्यांच्या मनगटाभोवती एक पांढराफटक पंजा.

श्रीकृष्णाने पहार उचलली. पहिला घाव पाण्यावर बसला. दुसरा हाडावर. तो आवाज अजून कानात आहे. तिसरा, चौथा... तो थांबेचना. पाणी लाल झालं. कोणीतरी किंचाळलं, दगडांतून सगळीकडून तो आवाज परत आला, त्यामुळे कोण ते कळलं नाही. मग पकड सुटली आणि आम्ही तिघं मागे कोसळलो.

इंदूरला आणलं तेव्हा हे बेशुद्ध होते. मनगट मोडलं होतं, तरी मूठ उघडत नव्हती. डॉक्टरांनी भूल देऊन ती उघडली. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"ह्यांची पाचही बोटं शाबूत आहेत," ते हळूच म्हणाले. "मग मुठीत हे कुणाचं?"

ट्रेमध्ये एक तुटलेलं बोट होतं. बाईचं. त्यावरची मेंदी अजून ताजी होती.

पोलिसांनी दोर, टॉर्च घेऊन नदी पार धुंडाळली. काही मिळालं नाही. आसपासच्या एकाही गावातून कोणी बाई बेपत्ता नव्हती.

दुसऱ्या दुपारी हे शुद्धीवर आले.

"ती ओढत नव्हती गं... वर यायला बघत होती."

"तुम्हाला काय माहीत?"

"बोलली ना, पाण्यातून. 'अहो, सोडू नका' म्हणाली. म्हणून तर मी घट्ट धरलं... तुझाच आवाज होता, कौसल्या."