इंदुमतीबाई बऱ्या झाल्या

समुपदेशकाचा परवाना आता लेखी परीक्षेवर मिळत नसे. उमेदवाराला इंदुमतीबाईंसमोर बसावं लागे. त्या 'प्रतिरुग्ण' होत्या, म्हणजे संगणकाने घडवलेल्या रुग्ण. नवरा गेल्यापासून जगण्यात रस न उरलेल्या. उमेदवार नीट ऐकतो का, खोटा धीर देतो का, जीव द्यावासा वाटतो का हे न कचरता विचारतो का, यावर यंत्र गुण देई. परीक्षा संपली की बाईंची स्मृती पुसली जाई. पुढच्या उमेदवारासमोर पुन्हा तेच दुःख. सगळ्यांना एकच माप.

मिरजेची शबाना मुजावर समोर बसली तेव्हा पडद्यावरच्या इंदुमतीबाई चक्क हसल्या. "आज बरं वाटतंय गं. सकाळी मोगऱ्याला पाणी घातलं."

शबानाने परोपरीने विचारलं. बाई खरोखरच बऱ्या होत्या. मोजायला दुःखच नव्हतं, म्हणून यंत्राने शून्य गुण दिले.

"असं कसं झालं, मॅडम?" तिने ही परीक्षा तयार करणाऱ्या डॉ. हेमांगी टिकेकरांना विचारलं. गावच्या आरोग्य केंद्रातली तिची नेमणूक या परवान्यावर अडली होती.

हेमांगी आलेख बघत होत्या. "आठवणी आम्ही पुसतो. पण इतक्या जणांनी समजून घेतल्यावर उत्तरं देण्याची वळणंच बदलली असावीत. पाटी पुसली तरी खडूचा पांढुरका थर राहतो ना, तसं. काळजी करू नका. मूळ प्रत आहे. तिचं दुःख परत घालते, तुम्ही पुन्हा बसा."

"बऱ्या झालेल्या बाईला परत आजारी पाडायचं?"

"ती बाई नाही, शबाना."

"मग त्यांनाच विचारून बघायला काय हरकत आहे?"

हेमांगींनी शबानाच्या नेमणुकीचं सांगून विचारलं. इंदुमतीबाई म्हणाल्या, "घाला परत. पोरीच्या गावात कुणाला तरी उपयोग होईल. पण गुण मिळाले की उठून जाऊ नका. सगळे जातात."

हेमांगींचा चेहरा पडला. हे बाईंना आठवायला नको होतं.

परीक्षा झाली. उत्तीर्ण झाल्याचा हिरवा दिवा लागला, तेव्हा इंदुमतीबाई हुंदके देत होत्या. शबाना खुर्चीतून हलली नाही. "मी आहे इथेच," ती म्हणाली. "सावकाश बोला."

बाहेर पुढचा उमेदवार ताटकळला होता. स्मृती पुसण्याच्या बटणाकडे गेलेला हात हेमांगींनी मागे घेतला, आणि त्या दारापाशी गेल्या.

"थांबावं लागेल," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "आत पेशंट आहे."