सव्वातीन ते तीन बावीस

पवित्राला फिट आली आणि मनगटावरचा पट्टा वाजलाच नाही तर? या एका विचारानं रम्याची बारा दिवसांची झोप खाल्ली होती. चार वर्षांच्या लेकीचं अंग ताठलं, की पट्ट्यानं आईच्या फोनवर घंटा वाजवायची, एवढंच त्याचं काम. पण रोज दुपारी सव्वातीनला पट्टा आणि फोन यांचा संबंध तुटे आणि सात मिनिटांनी आपसूक जुळे. कंपनीचा माणूस म्हणाला, अंतर जास्त असेल. अंतर! मेलकावेरीतल्या त्या घरात बिछान्यापासून चुलीपर्यंत अकरा पावलं.

शेवटी तिनंच दोष शोधणारं यंत्र करायला घेतलं. आराखडा इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला होता. कोइम्बतूरच्या कल्याणरामनं टाकलेला. संदेश हरवतात आणि हवा शांत, तर अंतराचा दोष. संदेश हरवतात आणि हवेत रेडिओलहरींचा गोंगाट, तर कुणीतरी मुद्दाम अडवतंय. गोंगाट जितका जवळ, तितके लाल दिवे जास्त. एकूण आठ.

"इंजिनिअर सून आणली म्हणून गल्लीभर सांगितलं मी," गोविंदपुरमला भजनाला निघालेल्या सासूबाई दारातून म्हणाल्या. "मिक्सर अजून बंदच आहे."

"उद्या नक्की, आत्याबाई."

मिक्सर खरंच महिनाभर बंद होता. रम्यानं जांभई गिळली.

तिनं यंत्र चालू केलं आणि सव्वातीनला आठही दिवे लागले. आपलाच सोल्डरचा डाग कच्चा राहिला असणार, असं म्हणून तिनं प्रत्येक तार हलवून पाहिली. मग कल्याणरामला फोन लावला.

"अक्का, यंत्र छातीशी धरा आणि सावकाश गोल फिरा. तुमचं अंग आड येतं. दिवे कमी झाले, की उगम तुमच्या पाठीमागे."

ती फिरू लागली. बाहेर पितळेची भांडी ठोकणारे थांबले होते. खोलीत ओल्या, न वाळलेल्या कपड्यांचा वास भरला होता, आणि दोरीवर तर एकही कपडा नव्हता. खिडकीकडे तोंड... आठ. रस्त्याकडे... आठ. चुलीकडे वळली, आणि दिवे दोनावर आले.

"मागे काय आहे, अक्का?"

"माझी मुलगी... झोपलीय."

"पट्टाच बिघडला असेल. बंद करा त्याला."

पवित्रा झोपली नव्हती. डोळे उघडे ठेवून आढ्याकडे पाहत होती. रम्यानं पट्टा काढला, बंद केला, खाली ठेवला. आठ. लेकीला उचलून ती परसात आली. उन्हात, विहिरीपाशी. यंत्र दोघींच्या मध्ये दाबलेलं. पुन्हा एक पूर्ण फेरा घेतला. या वेळी दिवे कुठंच कमी झाले नाहीत.

"अक्का... काही दिसतंय?"

फोनवर तीन बावीस झाले. मग तेवीस. दिवे तसेच.

लेक कडेवर होती, गरम, जड, अगदी नेहमीसारखी. घरात परत जावं की इथंच उभं राहावं, हेही रम्याला ठरवता येईना.

"पवी," ती कुजबुजली, "कोण अडवतंय गं?"

पवित्रानं आईच्या गळ्याभोवतीचे हात घट्ट केले. तोंड कानाशी आणलं.

"पट्टा वाजला की तू धावत येतेस ना, अम्मा... मग तिला मला हलवायचं थांबवावं लागतं. म्हणून ती आधी त्याचं तोंड दाबते."