सदतिसावा जीव

इंग्रजीच्या वर्गात लिंडा टीचरांनी पेटीतून चिठ्ठ्या काढायला लावल्या आणि माझ्या हाती 'सोल' आला. सोल म्हणजे जीव, आत्मा. निम्म्या चिठ्ठ्यांवर शब्द होते, निम्म्यांवर अर्थ, आणि आपला अर्थ ज्याच्याकडे असेल त्याच्या शेजारी जाऊन बसायचं होतं. सगळ्यांच्या जोड्या जमल्या. मी एकटीच मधोमध, जीव मुठीत धरून उभी.

तेवढ्यात दार उघडलं. उशिरा आलेला एक मुलगा, भुवयांवर पीठ. बेकरीतून थेट आला होता. त्यानं पेटीतली शेवटची चिठ्ठी उचलली आणि अडखळत वाचली, "माणसाच्या आतलं... न दिसणारं..." मग वर्गाकडे पाहिलं. "हे कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे," मी म्हणाले. "बस."

त्याचं नाव सॉ ला से. ब्रह्मदेशातून आलेल्या आम्हा कारेन लोकांत पुरुषांच्या नावाआधी सॉ लागतं, बायकांच्या नावाआधी नॉ. टीचरांनी 'सॉ' अशी हाक मारली की वर्गातले पाच पुरुष एकदम 'येस' म्हणायचे. ला से तेवढा गप्प बसायचा आणि हळूच मला विचारायचा, "यात मी होतो का?"

धडा नववा होता : भाषा, विधी आणि श्रद्धा. मातृभाषा, आशीर्वाद, नवस, शाप, अशा शब्दांसाठी लागणारं इंग्रजी. दुकानातलं, दवाखान्यातलं इंग्रजी आम्ही केव्हाच शिकलो होतो. पण आपण कशाला हात जोडतो हे सांगायची वेळ आली की आमची बोबडी वळायची.

"सोल एकच असतो का गं इंग्रजीत?" ला सेनं दुसऱ्या दिवशी विचारलं.

"एकच. दोन कुणाला हवेत?"

"दोन? अगं, आपल्या जुन्या लोकांत सदतीस असतात!" त्यानं बाही वर सरकवली. मनगटावर दोरा होता, कधीकाळी पांढरा असलेला, आता राखेच्या रंगाचा. "मे लाच्या कॅम्पमधून निघताना आईनं बांधला. रस्त्यात एखादा जीव मागे राहू नये म्हणून. तरी एक राहिलाच."

"कसं कळलं?"

"छत्तीस इथे सेंट पॉलमध्ये थंडीनं कुडकुडतात. सदतिसावा तिकडे बांबूच्या पायरीवर बसलाय, आईशेजारी. तो काही कुडकुडत नाही."

मी हसले. मग हसू थांबलं, कारण तो हसत नव्हता. त्याची आई अजून थायलंडच्या सीमेवरच्या त्या निर्वासित छावणीतच होती, तिला इकडे अमेरिकेत यायची परवानगी मिळालेली नव्हती. दोऱ्यावर बोट ठेवावंसं वाटलं... ठेवलं नाही.

त्यानंतर रोज माझ्या शेजारची खुर्ची मी पिशवी ठेवून अडवू लागले. तो यायचा, पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "हिला इंग्रजी येत नाही वाटतं, उठत नाही." बेकरीतला गरम पाव कागदात गुंडाळून आणायचा. मी अर्धा खायचे, अर्धा त्यालाच द्यायचे. मला तो आवडत होता. सरळच सांगते, फार आवडत होता.

आणि मग तो मंगळवार आला.

टीचरांनी भिंतीवर मोठा कागद लावला. दोन रकाने. एकावर 'बिलीफ', म्हणजे श्रद्धा, दुसऱ्यावर 'सुपरस्टिशन', म्हणजे अंधश्रद्धा. प्रत्येकानं आपल्याकडची एक रीत चिठ्ठीवर लिहून द्यायची आणि दुसऱ्यानं ती योग्य वाटेल त्या रकान्यात लावायची. मला आलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : मनगटाला दोरा बांधून जीव परत बोलावणे.

अक्षर ला सेचं होतं. मला ओळखू आलं, नाही असं नाही. पण माझे बाबा आमच्या चर्चचे डीकन, पाद्र्यांच्या हाताखाली चर्चचं काम बघणारे. दोरे, जीवांना हाका, हे आमच्या घरात निषिद्ध. आणि पहिल्याच बाकावर चर्चमधल्या दोन काकू टक लावून बघत होत्या. मी ती चिठ्ठी दुसऱ्या रकान्यात लावून टाकली. अंधश्रद्धा.

मी जागेवर परतले. ला सेनं बाही खाली ओढली आणि मनगटाचं बटण लावलं.

बुधवारी खुर्ची रिकामी. गुरुवारीही. त्याच्यासोबत राहणाऱ्या मित्राला विचारलं तर तो म्हणाला, "तुला नाही सांगितलं? शनिवारी चाललाय, साउथ डकोटाला. ह्युरनमध्ये भाऊ आहे त्याचा, टर्की कोंबड्यांच्या मांसाच्या कारखान्यात. सकाळी तळ्याकाठी दोरे बांधायचा विधी आहे ना, तो उरकून तिथूनच गाडीत बसणार."

त्याच तासाला, सगळ्यांसमोर उठले, भिंतीवरची चिठ्ठी सोडवली आणि पहिल्या रकान्यात लावली.

"का बरं?" टीचरांनी विचारलं.

माझं इंग्रजी तोकडं. काकूंचे डोळे पाठीत रुतत होते. जे जमलं ते बोलले, "टीचर, मी चुकीच्या जागी लावली होती. या चिठ्ठीत कुणाची तरी आई आहे."

चिठ्ठीचा एक कोपरा सुटला होता, तो टीचरांनी अंगठ्यानं दाबून बसवला.

शनिवारी मी पांढरा लांब झगा घातला, आमच्यात लग्न न झालेल्या मुली घालतात तो. तळ्याकाठी टेबलं मांडली होती. थंड पाणी, पांढरे दोरे, भाताचे गोळे, केळी, ऊस. ला से रांगेत होता. मला पाहून त्यानं मान वळवली. त्याची पाळी आली तेव्हा विधी करणाऱ्या आजोबांनी विचारलं, "पोरा, तुझ्या घरचं कुणी आहे का इथे? हाक घरच्या माणसाची असली की जीव लवकर ऐकतो."

तो जमिनीकडे बघत राहिला. "कुणी नाही."

"मी आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू डीकनची ना गं?"

"हो."

"बापाला ठाऊक आहे?"

"अजून नाही."

"मग जोरात मार हाक. त्यालाही ऐकू जाऊ दे." आणि भाताचा लाकडी डाव माझ्या हातात दिला.

मी डाव टेबलाच्या कडेवर आपटला. ठक, ठक, ठक. "प्रूऽऽ... ये. पायरीवरून ऊठ, नदी ओलांड, ये. परत ये!"

"एवढ्यानं ओरडू नकोस," ला से पुटपुटला. "हे अंधश्रद्धेत लावलं होतंस ना?"

"काढलं तिथून. सगळ्यांसमोर काढलं." मी दोरा उचलला, त्याच्या जुन्या दोऱ्याशेजारी बांधू लागले. गाठ बसेना. "मला भीती वाटली होती रे. लोक काय म्हणतील याची. चुकलं माझं."

त्यानं दोऱ्याचं टोक दुसऱ्या हातानं धरून दिलं. "तो सदतिसावा नाही यायचा, मू पॉ. आईला सोबत नको का कुणाची?"

"बरं, राहू दे त्याला. बाकीच्या छत्तीसांचं बोल."

"त्यातले पस्तीस ह्युरनला नेतो," तो म्हणाला. "टर्की कापायला तेवढे लागतातच..."

"आणि एक?"

"एक तुझ्या शेजारच्या खुर्चीवर असतो. कधीपासून. तू पिशवी ठेवतेस ना, त्याच्यावरच."

मला रडू आलं आणि हसूही. "पाच तासांचा रस्ता आहे," मी म्हणाले. "त्याला भेटायला तरी येत जा."

"येईन. सुट्टी मिळेल तेव्हा येईन. तू हात पुढे कर आधी."

आमच्या घरात असा हात कुणी पुढे करत नाही. मी केला. त्यानं बांधलेली गाठ एकदाच, घट्ट बसली. मग भावाच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि तो गेला.

रविवारी चर्चमध्ये मी बाह्या कोपरापर्यंत दुमडून बाबांशेजारी बसले. काकूंमध्ये कुजबुज झाली. बाबांनी दोरा पाहिला.

"कुणी बांधला?" त्यांनी हळूच विचारलं.

"ला सेनं, बाबा. मला तो आवडतो."

प्रार्थना सुरू झाली, सगळे उभे राहिले. बाबांनी भजनाचं पुस्तक उघडलं आणि दोघांना वाचता येईल असं मधे धरलं. दुसरी बाजू मी धरली, दोरा असलेल्या हातानं.